धातूला जात नसते

हिवाळ्यातील पहाटे वसतिगृहाच्या भोजनगृहात स्टीलच्या ताटाला हात लागला, की ते लाकडी बाकापेक्षा थंडगार वाटते. वस्तुतः रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या या दोन्ही वस्तूंचे तापमान सारखेच असते. धातू उष्णतेचा सुवाहक असल्याने तो हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतो. लाकूड ती सावकाश घेते. इंद्रियांना जाणवले तेही तपासून पाहावे, ही तथागतांच्या विचारातील चिकित्सा विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात अशी भेटते.

धातूंमधील काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूला बांधलेले नसतात. ते सर्वत्र मुक्त संचार करतात. चकाकी, उष्णतावहन आणि वीजवहन यांचे मूळ या मुक्त संचारात आहे. घाव बसला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, परंतु बंध टिकून राहतो. म्हणून धातूचा पत्रा होतो, तार निघते. या गुणांना वर्धनीयता आणि तन्यता म्हणतात. अवघ्या एक ग्रॅम सोन्यापासून सुमारे एक चौरस मीटर वर्ख तयार होतो.

नेहमीच्या तापमानाला परिचित धातूंपैकी केवळ पारा द्रवरूप असतो. तो उणे ३९ अंश सेल्सिअसला गोठतो. लोखंड वितळण्यास मात्र १५३८ अंश लागतात. एका घन सेंटिमीटर ॲल्युमिनियमचे वस्तुमान २.७ ग्रॅम, लोखंडाचे ७.९, तांब्याचे जवळपास ९, पाऱ्याचे १३.५ आणि सोन्याचे १९.३ ग्रॅम असते. म्हणूनच लोखंडी खिळा पाऱ्यावर तरंगतो.

निसर्गाने धातूंना दिलेले गुण हे असे आहेत. उच्चनीचता त्यांत नाही. ती माणसाने चिकटवली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी फुटकी भांडी आणि लोखंडाचे अलंकार नेमून दिले आहेत. १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्याच कारणावरून त्यांच्यावर हल्ला झाला. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या घटनेची नोंद केली आहे.

घागर कोणाच्या डोक्यावर आहे, यावरून तांब्याची घनता बदलत नाही. आज आपली मुले प्रयोगशाळेत तांब्याचा तुकडा तोलतात, त्याची घनता काढतात. त्या वेळी विज्ञानाच्या वहीशेजारी त्यांनी इतिहासाचे हे पानही उघडे ठेवावे.