मनोविकारावरील औषधे : तारक की मारक?

‘वेड लागले’ म्हटले की आमच्या नांदूरघाटात अजूनही आधी देवऋषी आठवतो, डॉक्टर नंतर. वस्तुतः वेडावरील एक जुने औषध आपल्याच देशातले आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा हा गुण प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझीनचे उपचार सुरू झाले.

ही औषधे मेंदूतील डोपामीनचे कार्य मंदावतात. त्यामुळे भास ओसरतात, झोप लागते, माणूस पुन्हा कामाधंद्याला लागतो. हा लाभ थोडा नव्हे. परंतु हेच डोपामीन शरीराच्या हालचालीही सांभाळते. म्हणून काहींचे हात थरथरतात, अंग ताठरते. क्वचित जीभ व जबडा कायमचे हलत राहतात. नव्या औषधांत हा त्रास कमी, पण अनेकांनी वजन व रक्तातील साखर वाढते.

माझ्या नात्यातील एका तरुणाने अंग ताठरते म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या. काही महिन्यांतच भास परतले. डॉक्टरांना सांगितले असते, तर मात्रा कमी करता आली असती किंवा औषध बदलता आले असते. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. घरात कोणाला असा त्रास असेल, तर गोळी बंद करण्यापूर्वी तेथवर एक खेप अवश्य करावी, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे.