डोळ्यातील निष्क्रिय खाते

सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षे हळदीची पेढी सांभाळणारे माझे थोरले बंधू अण्णा यांनी गेल्या वर्षी मला एक मुदतठेव मोडण्याविषयी विचारले. मधुमेहामुळे दृष्टिपटलात रक्तस्राव होऊन त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे. पोटाच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशी डोळ्यात टोचल्या की पडदा पुन्हा नवा होतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. "तू बँकेत होतास, जरा कागदपत्रे पाहा," एवढेच ते म्हणाले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. परंतु तारण तपासल्यावाचून कर्ज मंजूर न करण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून वाचू लागलो.

आपल्या समाजात नेत्रदानाची परंपरा मोठी आहे. पण त्या दानातून दुसऱ्याला मिळते ते डोळ्याचे पुढचे पारदर्शक पारपटल. मागचे दृष्टिपटल असे बदलता येत नाही, कारण ते मेंदूचाच एक भाग आहे. जाडी सुमारे पाव मिलिमीटर, आणि त्यात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींहून अधिक पेशी. त्यातील एकदा मेलेली पेशी माणसात आपोआप पुन्हा निर्माण होत नाही.

या पेशींना आधार देणाऱ्या काही उभ्या पेशी पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खांबांसारख्या पसरलेल्या असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइनरिख म्यूलर यांनी १८५१ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना म्यूलर पेशी म्हणतात. अशा आधारपेशींना ग्लिया हे सामान्य नाव आहे. शेजारच्या पेशींना पोषण पुरवणे, सांडलेले क्षार व रसायने आवरणे ही त्यांची नित्याची कामे. २००७ मध्ये तर असे दिसून आले की, या पेशी प्रकाशाला काचतंतूप्रमाणे आतल्या थरापर्यंत वाहून नेतात.

खरे नवल मात्र झेब्रा माशात आहे. हा लहानसा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. त्याच्या दृष्टिपटलाला इजा झाली की म्यूलर पेशी आपले नित्यकर्म सोडून जणू बाल्यावस्थेत परततात, विभागतात आणि मेलेल्या पेशींची जागा भरून काढतात. काही आठवड्यांत मासा पुन्हा पाहू लागतो. या प्रक्रियेत एएससीएल-१ए नावाचे जनुक कळीचे आहे, हे २०१० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखवले. त्याचे पहिले लेखक राजेश रामचंद्रन यांनी पुढे मोहालीच्या आयसर संस्थेत याच विषयाची प्रयोगशाळा उभारली.

उंदरात आणि आपल्यातही म्यूलर पेशी आहेतच. मग अडते कोठे? २०२० मध्ये मासा, कोंबडीचे पिल्लू व उंदीर यांची तुलना झाली. इजा होताच उंदराच्या पेशीही जाग्या होतात. परंतु एनएफआय नावाची जनुके त्यांना लगेच पूर्ववत निद्रेत ढकलतात. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते, पैसे मात्र बुडत नाहीत; मला हे तसेच वाटले. ती जनुके काढून टाकलेल्या उंदरांत म्यूलर पेशींपासून काही नव्या चेतापेशी तयार झाल्या. त्याआधी २०१७ मध्ये सिअ‍ॅटल येथील टॉमस रे यांच्या गटाने प्रौढ उंदरांत माशाचेच ते जनुक चालू केले, आणि घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल करणारे औषधही दिले. नव्या पेशी जुन्यांशी जोडल्या गेल्या व प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या. त्या मधल्या दुव्याच्या पेशी होत्या. प्रकाश टिपणाऱ्या नव्हेत. हे सारे उंदरांचे डोळे मुद्दाम जखमी करून कळले आहे. आपल्या घरांत हे वाचताना मन अस्वस्थ होईल, माझेही झाले. ते लपवून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

या क्षेत्रात लेखापरीक्षणही कडक आहे, याचे मला विशेष कौतुक वाटले. केवळ एक जनुक दाबून म्यूलर पेशींपासून दृष्टिचेतेच्या पेशी बनवल्या, असा दावा शांघायच्या संशोधकांनी २०२० मध्ये केला होता. इतरांनी पेशींची वंशावळ काटेकोरपणे तपासली, तेव्हा ते रूपांतर आढळले नाही. अशा काही प्रयोगांत ओळखीची खूण विषाणूमार्फत जुन्याच चेतापेशींत शिरली होती, असे निष्पन्न झाले. थोडक्यात, जुनीच ठेव नवी म्हणून जमा दाखवली गेली होती! २०२५ मध्ये कोरियातील संशोधकांनी म्यूलर पेशींत बाहेरून येणारे प्रॉक्स-१ हे प्रथिन अडवून उंदरांत सहा महिन्यांहून अधिक काळ दृष्टी टिकवल्याचे प्रसिद्ध केले आहे. तेही उंदरांतच.

अण्णांना सांगितलेली चरबीतील पेशींची सुई आणि हे संशोधन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अमेरिकेत फ्लॉरिडामधील एका दवाखान्यात तीन वृद्ध महिलांनी प्रत्येकी ५,००० डॉलर मोजून तीच सुई दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी घेतली होती. त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली, हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. तो वृत्तान्त मी अण्णांना मराठीत वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ठेव मोडली नाही. उजव्या डोळ्याला लेसर झाले असून ठरल्या तारखेला बाहुल्या मोठ्या करून तपासणी होते. साखर वहिनी पाहतात. परवा त्यांनी विचारले, "माशाला जमते ते आपल्याला कधी जमणार?" अजून गाडी उंदरापर्यंतच आली आहे, असे मी म्हणालो. अण्णा हसले, भिंग उचलले आणि हळदीच्या सौद्यांचे भाव वाचू लागले.