सुरू व्हायला वेळ लावणारा संगणक नेमकी कोणाची वाट बघत असतो?

आमच्या लॅबमधल्या एका संगणकाला सुरू व्हायला 3 मिनिटं 25 सेकंद लागायची. बटण दाबायचं, चहा घेऊन यायचं, तरी काळ्या पडद्यावर तीच एक ओळ. सगळ्यांचं मत ठरलेलं होतं: मशीन म्हातारं झालंय, रॅम वाढवायला हवी. मी म्हटलं, सरांकडे पैसे मागायच्या आधी एकदा मोजून तर बघू. मोजलं, आणि कळलं की त्या 205 सेकंदांपैकी तब्बल 180 सेकंद मशीन काहीच काम करत नव्हतं. ते नुसतं वाट बघत होतं. रॅम दुप्पट केली असती तरी त्यातला एक सेकंदही कमी झाला नसता.

ती वाट कशाची होती, ती कशी शोधायची, काय बंद करायचं, आणि नको ते बंद करून मी जवळपास सहा तासांचा डेटा कसा घालवला, हे सगळं या लेखात आहे. आमच्या मशीनवर उबुंटू सर्व्हर आहे, म्हणून उदाहरणं लिनक्सची. आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन लिपीत टाकायची.

आधी मोजा

संगणक सुरू होतो तो चार टप्प्यांत. पहिलं फर्मवेअर, म्हणजे आपण ज्याला सवयीने बायोस म्हणतो ते. मग बूटलोडर, मग कर्नल, आणि शेवटी युजरस्पेस, ज्यात सगळ्या सेवा सुरू होतात. उबुंटूमध्ये 2015 च्या 15.04 या आवृत्तीपासून हा शेवटचा टप्पा सिस्टमडी सांभाळते. तिच्यासोबत 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' ही आज्ञा येते. ती चारही टप्प्यांचा वेळ छापते. आमच्याकडे आकडे असे आले: फर्मवेअर 68 सेकंद, बूटलोडर 3, कर्नल 5 आणि युजरस्पेस 129.

पुढे दोन उप-आज्ञा आहेत. 'ब्लेम' प्रत्येक सेवेला किती वेळ लागला याची यादी देते, सर्वांत हळू सेवा वर. बरेच जण इथेच थांबतात आणि यादीतल्या पहिल्या पाच सेवा बंद करून टाकतात. इथे गफलत होते. सेवा एकामागून एक नाही, बऱ्याचशा एकाच वेळी सुरू होतात. एखाद्या सेवेला 10 सेकंद लागली, पण तिच्यासाठी कोणी थांबलंच नव्हतं, तर ती बंद करून तुमचा एकही सेकंद वाचत नाही. शिवाय एखादी सेवा स्वतः हळू नसते, ती दुसऱ्या कोणासाठी तरी ताटकळलेली असते. म्हणून 'क्रिटिकल-चेन' बघायची. कोण कोणासाठी थांबलं, ती साखळी तिथे दिसते. वेळ वाचवायचा तर त्या साखळीतलीच कडी शोधायला हवी.

विंडोजवर मोजणार असाल तर एक सापळा आहे. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाउन केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे शट डाउन करून पुन्हा सुरू केलं तर तुम्ही पूर्ण सुरुवात मोजतच नाही. त्यासाठी 'रीस्टार्ट' करा. आणि एकदा मोजून निष्कर्ष काढू नका. मी प्रत्येक बदलानंतर पाच वेळा रीस्टार्ट करून मधली किंमत घेतली. वर दिलेले आकडे तसेच काढलेले आहेत.

वाट कशाची?

नेटवर्कला जोडलेल्या संगणकाला आयपी पत्ता लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी डीएचसीपी या पद्धतीने मिळतो. हॉस्टेलवर नव्याने आलेला मुलगा पॅसेजमध्ये उभा राहून ओरडतो, "मला खोली कोण देणार?" रेक्टर म्हणतात, "17 नंबर रिकामी आहे." तो म्हणतो, "मग 17 माझी." रेक्टर वहीत लिहून "ठीक आहे" म्हणतात. डीएचसीपीत असेच चार निरोप असतात आणि सगळं सुरळीत असेल तर ते काही क्षणांत उरकतं.

पण रेक्टरच नसतील तर? मुलगा पुन्हा ओरडतो, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. डीएचसीपीच्या 1997 सालच्या मानकात हे अंतर सुचवलेलं आहे: आधी 4 सेकंद, मग 8, मग 16, मग 32. बेरीज करा, बरोबर 60 सेकंद.

आमच्या मशीनला नेटवर्कची दोन पोर्ट आहेत. एक संस्थेच्या नेटवर्कला जोडलेलं. दुसऱ्यात एका जुन्या उपकरणासाठी ओढलेली केबल होती. ते उपकरण गेलं, पण केबलच्या पलीकडचा छोटा स्विच चालूच राहिला. त्यामुळे पोर्टला वाटायचं की नेटवर्क आहे, आणि पत्ता देणारं तर तिथे कोणीच नव्हतं. या रिकाम्या पॅसेजमध्ये आमचं मशीन दोनदा ओरडत होतं.

पहिल्यांदा फर्मवेअरमध्ये. बूटच्या क्रमात डिस्कच्या आधी 'नेटवर्क बूट' लावलेलं होतं. याला पीएक्सई म्हणतात. एकाच वेळी पन्नास मशीनवर सिस्टम टाकायची असेल तर फार सोयीचं, पण एरवी त्याचा काही उपयोग नाही. त्यात एक मिनिट जायचं.

दुसऱ्यांदा युजरस्पेसमध्ये. 'सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' नावाची सेवा नेटवर्क तयार होईपर्यंत बाकीच्यांना थांबवून ठेवते. तिच्या ताब्यातली सगळी पोर्ट तयार व्हावीत अशी तिची अपेक्षा असते आणि ती जास्तीत जास्त 120 सेकंद थांबते. पहिलं पोर्ट चार सेकंदांत तयार व्हायचं. उरलेला वेळ दुसऱ्या पोर्टच्या नावाने जायचा.

मी काय केलं, आणि कुठे चुकले

फर्मवेअरमध्ये जाऊन नेटवर्क बूट बंद केलं. 205 वरून 145. मग वेट-ऑनलाइन ही सेवाच बंद करून टाकली. 145 वरून 25 सेकंद! लॅबमध्ये माझा भाव वधारला. रॅमचा प्रस्ताव मागे घेतला. लॅबमधले मामासुद्धा म्हणाले, "आता चहा गार व्हायच्या आत चालू होतंय."

हे मशीन कॅमेऱ्याला जोडलेलं आहे. काचेवर वाळणाऱ्या द्रावणाचा दर 10 सेकंदांनी एक फोटो, साधारण 8 एमबीचा. फोटो मशीनवर राहत नाहीत, ते संस्थेच्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये जातात. ते फोल्डर मशीन सुरू होतानाच एनएफएसने जोडलं जातं. मशीनवर 'डेटा' नावाची एक रिकामी जागा आहे आणि सर्व्हरचं फोल्डर तिच्यावर येऊन बसतं.

दोनेक आठवड्यांनी रात्री अकराच्या सुमाराला लाइट गेली, अर्ध्या तासाने आली. मशीन आपोआप सुरू झालं, स्क्रिप्ट सुरू झाली, कॅमेरा सुरू झाला, 11:35 पासून फोटो निघायला लागले. फक्त एक गोष्ट झाली नाही. सर्व्हरचं फोल्डर जोडलं गेलं नाही. मशीन 25 सेकंदांत तयार झालं होतं, पण मजल्यावरचा नेटवर्क स्विचही त्याच लाइटवर होता आणि त्याला उठायला मिनिटभर लागतं. नेटवर्क नाही, म्हणून सर्व्हरच्या नावाचा पत्ता सापडला नाही, जोडणी फसली, आणि सिस्टम पुढे गेली. स्क्रिप्टला 'डेटा' नावाचं फोल्डर दिसत होतं, तिने त्यात फोटो टाकले. फक्त ते फोल्डर आता मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर होतं. तिथे साधारण 13 जीबी जागा मोकळी होती. ती पहाटे 4:10 ला संपली.

सकाळी दहाला ज्युनिअरचा फोन आला, "ताई, रात्रीचं काहीच नाहीये. फोल्डर जोडलेलं नव्हतं, ते मी जोडलं, पण आत कालचे संध्याकाळपर्यंतचेच फोटो आहेत." साहजिक होतं. सर्व्हरचं फोल्डर वर येऊन बसल्यावर खालचे फोटो झाकले गेले होते. जोडणी सोडवली तेव्हा ते खाली जसेच्या तसे सापडले. पण 4:10 नंतरचे फोटो निघालेच नव्हते. वाळण्याचा सगळ्यात महत्त्वाचा, तडे पडण्याचा भाग नेमका त्याच वेळात होता. नमुना पुन्हा बनवण्यापासून सुरुवात करावी लागली.

मग मी लॉग उलगडून बघितले. वेळ मोजण्यासाठी मी जे पाच रीस्टार्ट केले होते, त्यांतल्या दोन वेळाही जोडणी फसलेली होती. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. मी फक्त सेकंद बघत होते. शिवाय मी मोजलं ते दिवसा, स्विच चालू असताना. खरी परीक्षा लाइट गेल्यानंतरची होती आणि ती परिस्थिती मी तपासलीच नव्हती. ज्या 120 सेकंदांना मी वाया गेलेला वेळ समजत होते, त्या वेळात आधी स्विच उठायचा, नेटवर्क यायचं आणि जोडणी व्हायची. ती दोन मिनिटं इतके दिवस कोणाच्याही नकळत आमचा डेटा सांभाळत होती.

मग बरोबर काय?

प्रश्न 'वाट बघणं बंद कसं करायचं' हा नव्हता. 'कोणाची वाट बघायची आणि कोणाची नाही' हा होता.

वेट-ऑनलाइन मी पुन्हा चालू केली. उबुंटूच्या नेटप्लॅन या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक पोर्टला 'ऑप्शनल' अशी खूण करता येते. दुसऱ्या पोर्टला ती लावली. आता मशीन फक्त पहिल्या पोर्टसाठी थांबतं. ती केबलही काढून टाकली, जे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

सर्व्हरच्या फोल्डरला सिस्टमडीची 'ऑटोमाउंट' ही सोय लावली. आता फोल्डरला कोणी हात लावला की त्या क्षणी जोडणी होते. आणि जोडणी झाली नाही तर लिहिणाऱ्याला एरर मिळतो, फोटो गुपचूप भलत्या डिस्कवर जात नाहीत. स्क्रिप्टमध्येही एक तपासणी घातली: 'डेटा' वर खरोखर सर्व्हर बसलेला नसेल तर फोटो घेऊ नकोस, थांब आणि पुन्हा प्रयत्न कर.

आता मशीन 29 सेकंदांत सुरू होतं. माझ्या चुकीच्या उपायापेक्षा 4 सेकंद जास्त. ते चार सेकंद मी आनंदाने देते. आणि या वेळी मी मोजताना स्विचची वायर काढून, पुन्हा लावूनही बघितलं.

तुमच्या मशीनवर करायचं असेल तर

1. नेटवर्क बूट लागत नसेल तर बंद करा किंवा क्रमात डिस्कच्या खाली टाका. पण फर्मवेअरमधून नेटवर्क कार्डच बंद करू नका, आणि तुम्ही मशीन दुरून जागं करत असाल तर वेक-ऑन-लॅनला हात लावू नका.

2. स्वतःचा लॅपटॉप असेल, सर्व्हरवरचं कुठलंही फोल्डर सुरुवातीला जोडलं जात नसेल, तर वेट-ऑनलाइन सेवा बंद करायला हरकत नाही. डेस्कटॉप उबुंटूवर तिचं काम नेटवर्कमॅनेजरची अशीच एक सेवा करते. ती बंद केली तरी वायफाय चालू होतंच, फक्त बाकीच्या सेवा त्याच्यासाठी थांबत नाहीत.

3. विंडोजवर बघायच्या दोन गोष्टी: टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी, आणि पूर्वी कधीतरी जोडलेले, आता अस्तित्वात नसलेले नेटवर्क ड्राइव्ह. संस्थेच्या लॉगिनवर चालणारं मशीन असेल तर आधी सिस्टम अ‍ॅडमिनला विचारा.

4. मोडेममॅनेजर डोंगलसाठी असतो, अवाही नेटवर्कवरचे प्रिंटर वगैरे शोधतो. लागत नसतील तर बंद करा, पण फार वेळ वाचेल अशी आशा ठेवू नका. त्यांच्यासाठी सहसा कोणी थांबलेलं नसतं.

5. रास्पबेरी पाय वापरत असाल तर जास्त जपा. मॉडेल 4 पर्यंत त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत त्याचं घड्याळ मागेच राहतं. वाट न बघता रीडिंग सुरू केलं तर पहिल्या नोंदींवरच्या वेळा चुकीच्या पडतात, आणि ते महिन्याभरानं आलेख काढताना कळतं.

6. एका वेळी एकच बदल. बदलाआधीचं सेटिंग वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. आणि रीस्टार्टनंतर किती सेकंद लागले एवढंच बघू नका. जे काम करण्यासाठी ते मशीन तिथे ठेवलंय, ते काम होतंय का तेही बघा.

आमच्या लॅबच्या वहीत त्या पानावर आता दोन आकडे लिहिलेले आहेत, 25 आणि 29. नवीन आलेला विद्यार्थी विचारतो, "ताई, 25 जमत होतं तर 29 का ठेवलं?" मी त्याला आधी क्रिटिकल-चेन चालवून बघायला सांगते.