पाण्याचा रेणू वाकडा का?

कोल्हापुरी गुळाचा खडा पाण्यात पाहता पाहता विरघळतो, तोच गोडेतेलात दिवसभर तळाशी ठाण मांडून बसतो, याचे मूळ पाण्याच्या रेणूच्या वाकड्या घडणीत आहे.

पाण्यातील ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या असतात आणि त्या परस्परांना दूर लोटीत असल्यामुळे, कागदावर 90 अंशांचे अंतर भासले तरी, तिसऱ्या मितीचा लाभ घेऊन 109.5 अंशांवर स्थिरावू पाहतात. गोबर गॅसमधल्या मिथेनमध्ये चारही जोड्या बंधांत गुंतलेल्या असल्याने हा कोन बिनतक्रार आढळतो. पाण्यात मात्र दोनच जोड्या हायड्रोजनच्या दिमतीला असून उरलेल्या दोन, बिनचाकरीच्या इनामदारांप्रमाणे, ऐसपैस पसरतात व शेजारच्या बंधांना रेटतात, म्हणून कोन 104.5 अंशांवर येतो. अमोनियात असा इनामदार एकच. तेथे सुमारे 107. निव्वळ जोड्या मोजून आकृती वर्तविण्याचा हा कायदा गिलेस्पी आणि नायहोम यांनी 1957 साली मांडला. संक्रमण धातूंच्या संयुगांत त्याचा अंमल बराच ढिला पडतो, हेही खरे.

वाकण्यामुळे रेणूच्या एका अंगास किंचित ऋण आणि दुसऱ्यास किंचित धन विद्युत्भार राहतो, व ही टोकेच गुळातील साखरेचे रेणू एकेक करून ओढून नेतात. तो सरळ असता, तर दोन्ही बाजूंच्या ओढी कार्बन डायऑक्साइडातल्याप्रमाणे परस्परांत जिरल्या असत्या.