अंगठा : सही, साक्ष आणि किल्ली

मुळशी तालुक्यातले जमिनींचे जुने दस्त वाचून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. वाटणीपत्रे, गहाणखते, खरेदीखते. त्यांच्या शेवटच्या पानावर एक संक्षेप हमखास भेटतो : ‘नि. डा. हा. अं.’ म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शेजारी शाईचा काळपट गोल डाग आणि त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलेले नाव. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती सही. आपण त्याला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवले. पण त्याची जमीन कुणाकडे गेली आणि कशी गेली याचा सगळ्यांत भक्कम पुरावा तो डागच असतो.

या डागाचे अलीकडे एक नवे काम सुरू झाले आहे. तो बँकेच्या खात्याची किल्ली झाला आहे. सही, साक्ष आणि किल्ली ही तीन कामे एकाच अंगठ्यावर आली, की काय घोटाळा होतो, ते या लेखात उलगडून पाहायचे आहे. ऑनलाइन सुरक्षिततेची चर्चा बहुधा शहरातल्या, शिकलेल्या, हातात महागडा फोन असलेल्या माणसाला समोर ठेवून होते. मुळशीसारख्या तालुक्यात तो प्रश्न जमिनीच्या कागदातून उगवतो.

बोटाचा ठसा कागदावर घेण्याची पद्धत आपल्याच देशात रुजली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे करार नाकारता येऊ नये, एवढाच हेतू. १८७७ च्या सुमारास हुगळीत हर्शेलने दस्तनोंदणीतही बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. या साऱ्या खटाटोपात ठसा गुप्त ठेवावा, असे कुणाच्या मनातही नव्हते. उलट तो उघड, कागदावर, चारचौघांना तपासता येईल असा हवा होता. साक्षीदाराने तोंड लपवले, तर त्याच्या साक्षीला अर्थ राहत नाही.

आपला नोंदणी कायदा १९०८ चा. त्याच्या ५७ व्या कलमानुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंदवही आणि तिची सूची कुणालाही पाहता येते, नक्कल मागता येते. २००१ मध्ये या कायद्यात ३२ अ हे कलम आले आणि जमीन-घराच्या व्यवहारात घेणारा व देणारा या दोघांचेही छायाचित्र आणि बोटांचे ठसे दस्तावर लावणे आवश्यक झाले. तोतया उभा करून दुसऱ्याची जमीन विकण्याला आळा बसावा, हा उद्देश होता आणि तो रास्तच होता. म्हणजे आता निरक्षरच नव्हे, तर हिंजवडीत सदनिका घेणारा संगणक अभियंताही दस्तावर अंगठा उठवतो. त्यासोबत ओळखीसाठी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स जोडल्या जातात. सगळे एकत्र स्कॅन होते.

आता दुसरी बाजू. खेड्यात बँकेची शाखा लांब असते. म्हणून बँक मित्र आला. त्याच्याकडे एक छोटे यंत्र आणि बोट ठेवण्याची काच. खातेदाराने आधार क्रमांक सांगायचा, बँकेचे नाव सांगायचे, काचेवर बोट ठेवायचे. ठशाची माहिती आधार प्राधिकरणाकडे जाते, तिथून जुळतो किंवा जुळत नाही एवढेच उत्तर येते आणि जुळला तर बँक पैसे देते. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, मोबाइलही लागत नाही. डोंगरपट्ट्यातल्या वयस्कर बाईला दोन हजार रुपयांसाठी एसटीने तालुक्याला जावे लागू नये, ही त्यातली सोय खरी आहे. तिची थट्टा करू नये.

पण या व्यवहाराला लागणाऱ्या तीन गोष्टी पुन्हा मोजा. बँकेचे नाव : गावात बहुतेकांची खाती एका-दोन बँकांत असतात, त्यामुळे ते अंदाजाने कळते. आधार क्रमांक : दस्ताला जोडलेल्या झेरॉक्सवर आहे. बोटाचा ठसा : दस्तावरच आहे. किल्लीचे तिन्ही दाते एकाच कागदावर.

ही नुसती कल्पना नाही. २०१८ च्या जूनमध्ये तेलंगणात सिमकार्ड विकणारा एक तरुण पकडला गेला. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून त्याने जमिनींचे दस्त उतरवून घेतले होते, त्यांवरच्या ठशांवरून रबरी शिक्के बनवण्याच्या तंत्राने खोटी बोटे तयार केली होती आणि त्या बोटांवर हजारो सिमकार्डे चालू केली होती. विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी हे केल्याचे त्याने सांगितले. पुढे इतर राज्यांत हीच युक्ती बँक खात्यांवर चालवल्याचे गुन्हे नोंदले गेले. अशा चोरीला यंत्र आणि प्रतिनिधीची नोंदणी लागते. म्हणजे कुणीतरी प्रतिनिधी सामील असतो किंवा त्याची नोंदणी बळकावलेली असते. २०२३ च्या फेब्रुवारीत आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नक्कल, हे ओळखणारी नवी तपासणी आणल्याचे जाहीर केले. कुलूप सुधारले, हे चांगलेच. पण किल्ली अजून रस्त्यावर पडलेली आहे.

इथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यायला हवा. ओळख आणि गुपित या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माझे नाव, माझा चेहरा, माझा अंगठा ही माझी ओळख. ती जगाला दिसणारच. पिन हे गुपित. ते फुटले तर बदलता येते. ओळखीलाच गुपित मानून तिच्यावर तिजोरी सोपवली, की अडचण होते. फुटलेला पिन पाच मिनिटांत बदलतो. बोटे दहाच आहेत, ती बदलत नाहीत. म्हणून ‘अंगठा कुणाला देऊ नका’ हा उपदेश पोकळ आहे. कायद्यानेच तो द्यायला लावला आहे.

मग करायचे काय? प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपले बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. मग बोट ठेवूनही व्यवहार होत नाही. गरज पडेल तेव्हा तात्पुरते उघडायचे. यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा. अडचण अशी, की रेशन दुकानातही तेच बोट लागते, त्यामुळे घरात फोन वापरणारे कुणी नसेल तर कुलूप घालणे त्रासाचे होते. अशा घरात बँकेला लेखी अर्ज देऊन आधारवरून पैसे काढण्याची सोय बंद करता येईल का, हे विचारावे. जिथे चालेल तिथे झेरॉक्सऐवजी फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे आधार द्यावे. आणि पासबुक महिन्याला भरून घ्यावे. ही जुनी सवय अजूनही मोलाची आहे.

पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक इथे उपयोगी पडते. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा चोरीत बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर खातेदारावर बोजा पडत नाही. खातेदाराची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकलेला आहे. ‘तुमचाच अंगठा लागलेला आहे, आता काही होत नाही’ असे काउंटरवर ऐकवले गेले, तर हे वाक्य आठवावे. अंगठा लागला याचा अर्थ माणूस तिथे होता, असा आता राहिलेला नाही.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो : दस्त पाहणेच बंद करा. मला तो घातक वाटतो. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तेव्हापासून या तालुक्याला जमीन हातची जाणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. पुढे हिंजवडीत आयटी पार्क आले, भाव चढले आणि एकच गुंठा दोघांना विकण्याचे, मयताच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करण्याचे प्रकार वाढले. त्यांच्यापासून वाचण्याचा सामान्य माणसाचा मार्ग एकच : तीस वर्षांचा सर्च, सूची क्रमांक दोन, फेरफार आणि सातबारा. हे दप्तर उघडे आहे म्हणून गरिबालाही ते तपासता येते. ते बंद झाले, तर ज्यांची कचेरीत ओळख आहे त्यांनाच ते दिसेल.

म्हणून दप्तर उघडे राहावे आणि अंगठा झाकावा. कुणी कुणाला काय विकले, हे सर्वांना दिसावे. ठसा आणि आधार क्रमांक मूळ दस्तात राहावेत, नकलेत काळे करावेत आणि गरज पडल्यास न्यायालयाने मागवावेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच्या तिसऱ्या कलमात एक फट आहे : एखाद्या कायद्याने बंधनकारक म्हणून जी माहिती सार्वजनिक केली जाते, तिला हा कायदा लागू नाही. दस्तावरचा अंगठा नेमका या फटीतून निसटू शकतो. तो वाचवायचा, तर दुरुस्ती नोंदणीच्या नियमांतच व्हायला हवी आणि ती मागणी ग्रामसभेच्या ठरावापासून सुरू होऊ शकते.

तोपर्यंत एवढे जरूर करावे. आपल्या घरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणी कुठे दस्त केले, याची यादी करावी. ज्यांचा अंगठा त्यांवर आहे, त्यांच्यापैकी जे वयस्कर आहेत आणि ज्यांच्या फोनवर बँकेचा संदेश येत नाही, त्यांचे खाते आधी पाहावे. धोका त्यांना सर्वांत जास्त आहे आणि चोरी झाल्याचे त्यांनाच सर्वांत उशिरा कळते.