तलंगांना दांडीवर झोपायला शिकवताना

वसंत आला की मुलांच्या हट्टापायी म्हणा किंवा ताज्या अंड्यांच्या ओढीने म्हणा, इथे ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांच्या मागच्या बागेत एक खुराडं येतं आणि त्यात तीन-चार तलंगा. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली किंवा नुकतीच येऊ घातलेली तरुण कोंबडी, साधारण १६ ते २० आठवड्यांची. पहिला दिवस कौतुकात जातो. संध्याकाळ झाली की लक्षात येतं, या आत जातच नाहीत! एक कुंपणावर चढलेली, दोघी शेडच्या मागे एकमेकींना चिकटून बसलेल्या, आणि चौथी आत गेली खरी, पण अंड्यांच्या खोक्यात जाऊन झोपलेली.

घरात आजी-आजोबा आलेले असतील तर ते म्हणतीलच, "आमच्याकडे कोंबड्यांना झोपायला कधी कुणी शिकवलं नाही. दिवेलागणीला आपल्या आपण यायच्या." त्यांचं म्हणणं खरं आहे. पण गावच्या कोंबड्यांना शिकवणारी होती, ती म्हणजे त्यांची आई. खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्लं आधी तिच्या पंखांखाली झोपतात, मग एके संध्याकाळी ती उंचावर जाऊन बसते आणि पिल्लं धडपडत तिच्या मागे जातात. इथे विकत मिळणाऱ्या बहुतेक तलंगा यंत्रात उबवलेल्या आणि दिव्याच्या उबेत वाढलेल्या असतात. त्यांना कुणी वाट दाखवलेली नसते. उंचावर झोपायची ओढ मात्र रक्तातच आहे. कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा रात्री झाडावर बसतो, आपल्या सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडाही तसाच. म्हणजे झोपायचं उंचावर हे तलंगेला कळतं, कुठे ते कळत नाही. ते आठ-दहा संध्याकाळी तुम्ही सांगायचं.

एवढा खटाटोप कशाला? पहिलं कारण कोल्हा. लंडन, ब्रिस्टलसारख्या शहरांतही रात्री गल्ल्यांमधून कोल्हे सर्रास फिरतात, हे तुम्ही पाहिलं असेल. अंधार पडला की कोंबडीला फारसं दिसत नाही, ती सुस्त होते, पळतही नाही. आणि कोल्हा आवारात शिरला तर एकीवर थांबत नाही, हाती लागतील तेवढ्या मारतो. सकाळी ते मुलांच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी तरी ही शिकवणी करावी. दुसरं कारण अंडी. कोंबडी झोपेतही शिटत असते. ती अंड्यांच्या खोक्यात झोपली की सकाळी अंडी त्याच घाणीत पडतात, आणि अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात.

शिकवण्याआधी खुराड्याकडे एकदा कोंबडीच्या नजरेने बघा. बसायची दांडी अंड्यांच्या खोक्यापेक्षा उंच हवी. कोंबडी मिळेल त्यातली सर्वांत उंच जागा धरते. खोकं वर आणि दांडी खाली असेल तर तुमची शिकवणी फुकट. बाजारातल्या स्वस्त खुराड्यांमध्ये नेमकी हीच खोट दिसते. दांडी लाकडाची, चार-पाच सेंटीमीटर रुंद, कडा गोल केलेल्या. रुंद अशासाठी, की थंडीत कोंबडी बसली की पोटाच्या पिसांखाली तिची बोटं झाकली जातात. धातूची दांडी गार पडते, प्लॅस्टिकची निसरडी. दर कोंबडीमागे २० ते २५ सेंटीमीटर जागा धरा. ऑर्पिंग्टन, ब्राह्मा अशा भारी जातींना दांडी फूटभर उंचीवरच ठेवा, नाहीतर उड्या मारून तळपाय दुखावतात. आणि सिल्की घेतली असेल तर दांडीचा हट्ट सोडा. त्यांना उडता येत नाही. कोरड्या भुश्यावर गोळा होऊन त्या सुखाने झोपतात.

आता शिकवणी. पहिला आठवडा तलंगांना बागेत मोकळं सोडू नका. खुराडं आणि त्याला जोडलेलं जाळीचं आवार एवढंच त्यांचं जग ठेवा, म्हणजे घर कुठलं ते डोक्यात बसतं. दुपार उलटली की अंड्यांच्या खोक्याचं तोंड पुठ्ठ्याने बंद करा, सकाळी लवकर उघडा. संध्याकाळी मूठभर मका खुराड्यात टाका आणि टाकताना रोज एकच हाक द्या. मका दुकानातून आणलेला हवा. उरलेली पोळी, भात घालायचा मोह होईल, पण स्वयंपाकघरातून गेलेलं अन्न कोंबड्यांना घालायला इथे कायद्याने बंदी आहे. पूर्ण व्हीगन घराला तेवढी सूट.

मग खरं काम. सूर्य मावळून पाऊण तास झाला की मंद टॉर्च घेऊन जा. टॉर्च जमिनीवर ठेवा, तोंडावर मारू नका. जी कुठे इतरत्र बसली असेल तिचे पंख दोन्ही हातांनी अंगाशी धरून उचला आणि तिच्या पायांना पुढून दांडी टेकवा. ती आपसूक पाऊल टाकते. क्षणभर हात तसाच ठेवा, मग सोडा. उडी मारून खाली आली तर पुन्हा ठेवा. दोनदा, फार तर तीनदा. मग त्या रात्रीपुरतं पुरे. दिवसाउजेडी हे करायला जाल तर सगळं आवार डोक्यावर घेतील. अंधारात मात्र त्या ठेवल्या जागी राहतात, आणि सकाळी जाग येते ती दांडीवरच. हीच ती शिकवणी.

काही तलंगा दारापर्यंत येऊन अडतात, कारण आत त्यांना बाहेरच्यापेक्षा जास्त काळोख दिसतो. अशा वेळी कातरवेळी आत एक छोटा दिवा लावा. सगळ्या बसल्या की बंद करा.

बहुतेकींना आठवडा ते दहा दिवस पुरतात. पिंजऱ्यातून सोडवून आणलेल्या कोंबड्यांना जास्त लागतात, कारण त्यांच्या पायात जोर यायचा असतो. दहा दिवसांनंतरही एखादी खालीच झोपत असेल तर तिला दोष देण्याआधी तिच्या मैत्रिणींवर लक्ष ठेवा. कोंबड्यांत मानपान फार! वरच्या मानाची आधी बसते आणि खालचीला चोचीने हुसकावते. दुसरी दांडी लावा, पण त्याच उंचीवर. शिडीसारख्या खाली-वर लावल्या तर भांडण वरच्या दांडीसाठी सुरूच राहतं.

झाडावर किंवा कुंपणावर जाणाऱ्या तलंगेचे एकाच पंखाचे टोकाचे लांब पर कापले की तिचा तोल जातो आणि ती उंच उडू शकत नाही. मात्र पराच्या नळीत रक्त दिसत असेल तर तो कापू नका, तो अजून वाढतोय. पहिल्या वेळी जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

आणि महिनोन्‌महिने शहाण्यासारख्या आत झोपणाऱ्या कोंबड्या अचानक बाहेर बसू लागल्या, तर त्या शिकवण विसरलेल्या नाहीत. खुराड्यात लाल गोचीड झाली आहे का ते बघा. हे बारीक किडे दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. अंधारात दांडीच्या टोकांखालून पांढरा टिश्यू फिरवा. लाल डाग आले तर त्याच आठवड्यात खुराडं रिकामं करून फटीन्‌फट धुवा आणि कोंबड्यांना चालणारं औषध आणा. हे किडे उपाशीही कित्येक महिने जगतात, तेव्हा एकदा धुऊन भागत नाही.

वेळेचं तेवढं सांभाळा. जूनच्या अखेरीस लंडनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, डिसेंबरात चारच्याही आधी. आपोआप मिटणारं दार घेतलं असलं तरी पहिले काही आठवडे डोकी स्वतः मोजा. तीन आत आणि चौथी बाहेर असली, तरी दार मिटायचंच. आणि अजून केली नसेल तर नोंदणीही करून टाका. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अगदी एक कोंबडी असली तरी ती बंधनकारक आहे, स्कॉटलंडमध्ये त्याच्या महिनाभर आधीपासून.