वस्ताद पाहायला नव्हते

यात्रांचे दिवस जवळ आले, की लोणावळा-कामशेतच्या आसपासच्या गावांत पारावर एकच चौकशी सुरू होते, ‘यंदा आखाड्याला कोण येणार?’ पालखीइतकीच ओढ शेवटच्या कुस्तीची. खेळ इथल्या मातीचा, शब्द मात्र लांबून आलेले. कुस्ती आणि पहिलवान फारसीतले, तालीम अरबीतली, आणि आपला वस्ताद म्हणजे ‘उस्ताद’च! उझबेकिस्तानातही मल्लाला ‘पोलवोन’ म्हणतात. त्या देशाच्या अब्दुल्लो तांग्रियेवने २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जुदोच्या सर्वांत वजनदार गटात रौप्यपदक मिळवले.

आपल्याकडचा असा भारी गडी म्हणजे बाला रफिक शेख. करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. वडील आझम शेख हेही मल्ल, त्यामुळे लाल माती घरातच होती. पण पोराला घडवायचे तर चांगला वस्ताद हवा. रफिक कोल्हापूरला न्यू मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली गेला. आंदळकर म्हणजे १९६०चे हिंदकेसरी, १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते, १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून लढलेले. पुढे रफिक पुण्यात गणेश दांगट यांच्याकडे हनुमान आखाड्यात आला. रफिक हनुमान आखाड्यात, याचे नवल बाहेरच्याला. तालमीत विचारतात ते एवढेच, जोर किती मारलेस?

महाराष्ट्र केसरीच्या गदेवर शेखांचे नाव नवे नव्हते. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या एकाच घरातल्या इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल या भावांनी ती १९८०, १९९२ आणि २००२ मध्ये आणली होती. तरी २०१८ साली जालन्यात रफिककडून फार कुणाची अपेक्षा नव्हती. तो बुलडाण्याकडून उतरला होता आणि माती विभाग जिंकून अंतिम फेरीत आला होता. समोर गादी विभागाचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके, आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी. साहजिकच पुणे जिल्ह्यातल्या अनेकांचे मन कटकेकडे.

खुराक, झोप आणि मेहनत यांवर मल्लाचे सगळे गणित. दूध, तूप, बदाम वेळेवर पोटात गेले पाहिजेत. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मल्लाला हेच गणित सहरी आणि इफ्तारच्या मधल्या रात्रीत बसवावे लागते. महिनाभर अंग राखणे किती कठीण, हे जोर-बैठका मारणाऱ्यालाच कळेल.

२३ डिसेंबरच्या त्या लढतीत पहिला गुण कटकेने घेतला. मग रफिकने ताबा घेतला तो सोडलाच नाही. गुणफलक ११-३. चांदीची गदा खांद्यावर आली. आंदळकर वस्ताद मात्र ते पाहायला नव्हते. तीनच महिन्यांपूर्वी, १६ सप्टेंबरला, ते गेले होते.